किनेक्टवर बोलिंग, आजीसकट: आदल्या दिवशी काय काय बघून ठेवायचं

मे महिन्यात सगळे पोट्टे नागपूरला जमतात आणि ४५ डिग्रीत दुपारी त्यांना बाहेर सोडता येत नाही, म्हणून आमच्याकडे जुन्या एक्सबॉक्स ३६० वर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या डब्यावर, किनेक्ट स्पोर्ट्स हा गेम लागतो, आणि आजीनं पण खेळलंच पाहिजे हा माझा हट्ट. खेळताना बटनं दाबायची नाहीत, किनेक्ट म्हणजे टीव्हीपाशी ठेवायचा कॅमेरावाला सेन्सर, तो आपलं अंगच बघतो, तिला याहून सोपा गेम सापडणार नाही. पण अर्धा खेळ मोकळ्या जागेवर अवलंबून असतो, तेव्हा हॉल आदल्या दिवशीच मोकळा करा.

आधी टेप घेऊन मोजा. सेन्सरपासून एकट्याला ६ फूट, दोघांना ८ फूट मागे उभं राहता आलं पाहिजे, म्हणजे दिवाण, टीपॉय आतल्या खोलीत. सेन्सर जमिनीपासून २ ते ६ फुटांच्या मधात, टीव्हीच्या मधोमध ठेवा, डुगडुगणाऱ्या स्टुलावर नको. व्हॉलीबॉलला पोट्टे हात वर करून उड्या मारतात, डोक्यावर पंखा कुठं येतो तेही बघा.

मग ऊन, आपल्याकडे खरी अडचण हीच. किनेक्ट इन्फ्रारेडचे ठिपके टाकून अंतर ओळखतो आणि उन्हातही इन्फ्रारेड असतंच, ते अंगावर पडलं की त्याला माणूस धड दिसत नाही. पडदे लावले तरी कूलरच्या हवेनं उडतात न् फटीतून ऊन आत येतं, म्हणून खालून चिमटे लावा, नाहीतर सरळ अंधार पडल्यावर खेळा, मी तेच करतो. कूलरचे शिंतोडे उडून फरशी ओली झाली असेल तर पुसून घ्या, आजी घसरली तर सगळंच राहून जाईल.

कोणाकडून जुना किनेक्ट आणत असाल तर एक बघा, जाड जुन्या एक्सबॉक्सला त्याचा वेगळा पॉवर अडॅप्टर लागतो, नंतरच्या पातळ, स्लिम मॉडेलला लागत नाही. २०१७ मध्येच किनेक्ट बनवणं बंद झालं, तेव्हा अडॅप्टर हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. कंट्रोलरचे सेल नवे टाका.

घोळदार कपड्यात पाय ओळखायला किनेक्टला जड जातं. आजीला पदर खोचायला सांगा, खुर्ची धरायची सवय असेल तर खुर्ची बाजूला ठेवून एकानं जवळ, पण कॅमेऱ्याच्या बाहेर उभं राहा. बाकीचे बघणारे सोफ्यावर, मधून कोणी गेलं की खेळाडूच बदलतो. बोलिंगला बाजूला हात नेऊन बॉल उचलायचा आणि पुढं झोका द्यायचा, एवढं तिच्याकडून दोनदा करून घ्या. नंबर तिचाच पहिला लावा, पोट्टे एकदा सुरू झाले की जेवायलाही उठत नाहीत.