प्रादेशिक अभ्यासात एम.ए. करताय? या चुका टाळा

दर जुलैत एक तरी फोन येतोच, "सर, विषय ठरला. विदर्भाचा अनुशेष." बरं, कशाचा? सिंचनाचा की रस्त्यांचा? कोणत्या तालुक्यातला? पलीकडून आवाज बंद. अनुशेष, म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा विकासात राहिलेली तूट, मोजायला १९८३ मध्ये अख्खी दांडेकर समिती नेमावी लागली होती. तुमच्या हाताशी चार सत्रं आणि एसटीचा पास आहे. एक तालुका घ्या, जमलं तर पाचच गावं.

माझं डोकं खरं फिरतं ते विदर्भाचे अकरा जिल्हे एकाच मापानं मोजणाऱ्यांवर. फिरायलाच हवं, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. सीनियरनं भंडाऱ्यासाठी केलेल्या प्रश्नावलीच्या साठ झेरॉक्स काढल्या आणि दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात गेलो. पहिला प्रश्न, गावचा मालगुजार कोण होता? दुसरा, मामा तलावावर किती एकर भिजतं? ओसरीवरच्या आजोबांनी चष्मा धोतराला पुसला, कागद लांब धरून वाचला. "बापू, मालगुजार कायचा इथं? अन् तलाव कुठून आनू? आमच्या तं विहिरीचं पानीच खारं हाय."

वऱ्हाड, म्हणजे दर्यापूरसकट पश्चिम विदर्भ, १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला, तिथं रयतवारी, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा. भोसल्यांचं नागपूर, भंडाऱ्यासकट, १८५४ मध्ये खालसा झालं, तिथं मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करून भरायचा. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, ते पूर्वेकडच्या जिल्ह्यांत. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला, म्हणजे नागपूरच्या बाजूला, जोडला गेला, तरी जमिनीचा हिशेब वेगळाच राहिला. हे मला पारावरच्या पोरांनाही ठाऊक असलेलं, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षात कळलं. झेरॉक्स चुलीत गेल्या.

तेव्हापासून माझी सवय अशी: प्रवेश घेतला की भिंतीवर नकाशा, त्यावर आपल्या गावांभोवती पेनानं गोल, आणि मगच ऐच्छिक पेपर. गोल वऱ्हाडात पडला तर जमीन महसूल, पूर्वेकडच्या झाडीपट्टीत पडला तर पाणी आणि जंगल, गडचिरोलीतल्या भामरागडकडे पडला तर आधी तिथल्या आदिवासींची माडिया भाषा बोलायला शिका. "मित्रानं घेतला", "मार्क पडतात" म्हणून घेतलेला पेपर प्रबंधाच्या वेळी कामाला येत नाही.

गावात जाण्याची वेळही चुकते. जूनमध्ये पेरणी आणि दिवाळीनंतर कापूस. वेचणारीला मजुरी किलोवर मिळते. तुमच्या चाळीस प्रश्नांत तिची ओटी रिकामी राहते. मला एकीनं सुनावलं होतं, "माह्या संगं येच, मंग विचार." वेचला. दोन किलोही भरला नाही, पण उत्तरं मिळाली. मे महिन्यात जा, सकाळी नऊच्या आत नाहीतर दिवस कलल्यावर.

नेट-सेटच्या यादीत तुमची पदवी कोणत्या विषयात बसते, हे फी भरण्याआधी बघा. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

आणि जुने कागद लागणार असतील तर मोडी लिपी पहिल्याच सत्रात शिका. "शेवटी बघू, ॲप असेल ना" म्हणणाऱ्यांना मी हल्ली फक्त चहा पाजतो.