पाकिटातला माल कमी झालाय का, हे कसं ओळखायचं

पाकिटाची पुढची बाजू आधी बघू नका. ती नजर खेचण्यासाठीच केलेली असते. पॅकेजिंगच्या कामात मी हेच करत आले. थेट ‘निव्वळ वजन’ शोधा, बहुतेकदा ते कोपऱ्यात बारीक अक्षरांत सापडतं.

नवं पाकीट घरी येईपर्यंत जुनं रिकामं फेकू नका. दोन्ही शेजारी ठेवलीत तर समोरून तंतोतंत सारखी दिसतील, कारण उंची-रुंदीला सहसा हात लावत नाहीत, जाडी कमी करतात. बरणी असेल तर तळ चाचपा. आत ढकललेला खळगा थोडाफार मजबुतीसाठी लागतोच, पण जुन्या बरणीत बोटाचं टोक जेमतेम टेकत होतं आणि नवीत अख्खा अंगठा बुडतोय, तर माल कुठे गेला ते कळलं.

मग हिशोब. 100 ग्रॅमचा साबण त्याच किमतीत 80 ग्रॅमचा झाला, तर वजन 20 टक्के घटलं, पण ग्रॅममागचा दर 25 टक्के वाढला. म्हणून किंमत भागिले वजन, हा एकच आकडा लक्षात ठेवा. कागदाच्या रोलला शीटची संख्या आणि शीटचा आकार दोन्ही बघा. कपडे धुण्याचं लिक्विड अधिक तीव्र केलं असेल, तर कमी वजनातही तेवढेच कपडे निघतात. तिथे दर धुण्यामागे हिशोब करा, उगाच आरोप नको.

2016 मध्ये ब्रिटनमध्ये टोब्लेरोन या त्रिकोणी तुकड्यांच्या चॉकलेटचा 170 ग्रॅमचा बार 150 ग्रॅमचा झाला, तेव्हा त्रिकोणांमधली दरी इतकी रुंदावली की लोकांनी ओरड केली. बहुतेक कपात अशी उघड्यावर होत नाही. कच्चा माल महागला तर वजन कमी करा, माझी हरकत नाही, पण सांगून करा. ‘नवा पॅक’ छापायला जागा मिळते, तिथेच ‘20 ग्रॅम कमी’ हेही मावतं. फ्रान्समध्ये 1 जुलै 2024 पासून 400 चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटना अशा मालाजवळ दोन महिने सूचना लावावी लागते. असा नियम सगळीकडे हवा.

तोवर कंपनीला लिहा. दोन्ही पाकिटांचे वजन दिसणारे फोटो आणि बॅच नंबर जोडा, आणि थेट विचारा: वजन कधी कमी केलं, ग्राहकाला कुठे सांगितलं? टाळाटाळ झाली तर तेच फोटो ग्राहक तक्रार विभागाकडे पाठवा.