जनरल गालिफे कसा वाचावा

आधी माझी फजिती सांगते. फ्रान्सच्या ड्रेफस प्रकरणावर, म्हणजे हेरगिरीच्या खोट्या आरोपात अडकवलेल्या एका कॅप्टनच्या हकिगतीवर, वाचायला घेतलं तेव्हा मी नेहमीसारखी कार्डं केली. एका माणसाला एक कार्ड, वरच्या कोपऱ्यात जन्म-मृत्यूच्या तारखा, मागच्या बाजूला टिपणं. मुद्रितशोधनात हयात घालवलेल्या बाईची ही सवय. चार महिन्यांनी आमच्या वाचनगटात बोलायची माझी पाळी आली. कार्डं टेबलावर पसरली, तर गटातल्या गणिताच्या निवृत्त मास्तरांनी त्यातली दोन उचलली आणि विचारलं, "ताई, हे दोघं एकाच दिवशी जन्मले आणि एकाच दिवशी वारले. जुळे होते का?"

एका कार्डावर लिहिलं होतं 'गॅलिफेट, कम्युनचा कसाई'; कम्युन म्हणजे १८७१ मधलं पॅरिसचं बंडखोर सरकार. दुसऱ्यावर 'जनरल गालिफे, युद्धमंत्री १८९९'. लोकांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढण्यात जन्म गेला, आणि घरच्या कार्डांवर मी एकाच माणसाचे दोन करून ठेवले होते. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

स्पेलिंगचा घोळ हे त्यामागचं अर्धंच कारण. उरलेलं अर्धं असं, की १८७१ मध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर कैद्यांना वेचून गोळ्या घालायला लावणारा अधिकारी १८९९ मध्ये प्रजासत्ताक वाचवायला मंत्री होईल, हे माझ्या डोक्याला मंजूरच नव्हतं. हा माणूस वाचताना तुमचंही असंच होईल. म्हणून मी जो क्रम शेवटी धरला, तो सांगते.

नाव पक्कं करा. गास्ताँ अलेक्सांद्र ओग्युस्त, मार्क्विस द गालिफे. जन्म २३ जानेवारी १८३०, मृत्यू ८ जुलै १९०९. शेवटचा 'ट' उच्चारत नाहीत. फ्रेंच राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'गालिका' या संकेतस्थळावर त्या काळची वर्तमानपत्रं फुकट वाचता येतात. तिथे शोधताना नाव दोन एल आणि दोन एफ घालून शोधा, मग पुन्हा एकच एफ घालून शोधा, कारण तेव्हाचे जुळारी माझ्याच जातीचे होते. उलटी चूकही टाळा. याच प्रकरणात कावेन्याक नावाचा युद्धमंत्री भेटतो. जून १८४८ मध्ये पॅरिसचा उठाव चिरडणारा जनरल कावेन्याक तो हा नव्हे. तो बाप, हा मुलगा, आणि मुलगा लष्करी नव्हे. तिथे खरंच दोन कार्डं लागतात.

नंतर खुर्चीचा कागद करा. ड्रेफसची हकिगत बहुतेकजण ड्रेफसपासून सुरू करतात, आणि तो डेव्हिल्स आयलंडच्या तुरुंगात गेला की पॅरिसमध्ये कोण कुणाला वाचवतंय ते कळेनासं होतं. त्यापेक्षा आडवा कागद घ्या आणि युद्धमंत्र्याच्या खुर्चीवर कोण केव्हा बसलं ते ओळीने लिहा. मेर्सिये, झुर्लिंडेन, कावेन्याक, बियो, पुन्हा कावेन्याक, पुन्हा झुर्लिंडेन, शानुआन, फ्रेसिने, क्रांत्स, गालिफे. दहा कारकिर्दी, आठ माणसं, साडेसहा वर्षं. हंगामी कारभार सोडला तरी एकट्या १८९८ मध्ये पाच मंत्री झाले. प्रत्येक नावाखाली एकच वाक्य लिहायचं, 'याने काय झाकलं किंवा काय उघडलं'.

मेर्सियेखाली जे येईल तेच सगळ्यात जड. सप्टेंबर १८९४ मध्ये जर्मन वकिलातीच्या कचऱ्यातून जर्मनांना पुरवलेल्या लष्करी गुपितांची एक फाटकी, हाताने लिहिलेली यादी फ्रेंच हेरखात्याकडे आली. अक्षर जुळल्यासारखं वाटलं म्हणून १५ ऑक्टोबरला तोफखान्याच्या कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफसला पकडलं. डिसेंबरात लष्करी न्यायालय बसलं, तेव्हा मेर्सियेने न्यायाधीशांकडे एक गुप्त फाईल पाठवली. ती आरोपीला दाखवली नाही, त्याच्या वकिलालाही नाही. बाकीचे मंत्री त्या फाईलवर पाय ठेवून उभे राहिले. बियोने डिसेंबर १८९७ मध्ये सभागृहात ड्रेफस दोषीच असल्याची ग्वाही दिली. कावेन्याकने ७ जुलै १८९८ ला पुरावा म्हणून जो कागद वाचून दाखवला, तो पाच-सहा आठवड्यांत त्याच्याच कार्यालयातल्या अधिकाऱ्याने दिव्याखाली धरला आणि बनावट निघाला. तो बनवणाऱ्या कर्नल आँरीने ३१ ऑगस्टला कोठडीत गळा कापून घेतला. शानुआनने तर सभागृहात भाषण करता करताच राजीनामा दिला. हा कागद भिंतीला लावून ठेवा, पुढे सारखा लागतो.

आता गालिफे. त्याचं चरित्र जन्मापासून वाचू नका. जून १८९९ पासून वाचा.

त्या महिन्याची हवा आधी नाकात भरून घ्या. ३ जूनला सर्वोच्च न्यायालयाने १८९४ चा निकाल रद्द करून रेन्न शहरात नवा खटला चालवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ओतैच्या घोड्यांच्या शर्यतीत एका बॅरनने राष्ट्राध्यक्ष लुबे यांच्यावर काठी उगारली आणि त्यांची टोपी चेपली. फेब्रुवारीत देरुलेद नावाच्या पुढाऱ्याने एका जनरलच्या घोड्याचा लगाम धरून त्याची पलटण राष्ट्राध्यक्षांच्या महालाकडे वळवायचा प्रयत्न केला होता, आणि ज्यूरीने त्याला नुकतंच निर्दोष सोडलं होतं. अशा वेळी वाल्देक-रूसो या थंड डोक्याच्या वकिलाने सरकार बनवलं. व्यापारखातं दिलं मिलराँला, म्हणजे एका समाजवाद्याला. युद्धखातं दिलं गालिफेला.

इथे माझ्या गटातले सगळे अडकतात. कम्युनच्या खाटकाशेजारी समाजवादी मंत्री बसवायचं कारण काय? आपल्या भाषेत याचं उत्तर तयार आहे. कान सोनारानेच टोचावे लागतात. सैन्याला वकील मंत्र्याने दटावलं असतं तर सैन्य हसलं असतं. फ्रेसिने आणि क्रांत्स हे दोन मुलकी मंत्री नुकतेच होऊन गेले होते, भिंतीवरचा कागद बघा. हवा होता असा जनरल, ज्याच्या शौर्यावर एकही अधिकारी बोट ठेवणार नाही आणि जो जनरलांना घाबरणार नाही. शिवाय ड्रेफसच्या बाजूने लढणाऱ्या जोसेफ रेनाकशी त्याची जुनी मैत्री होती, आणि खऱ्या गुन्हेगाराचा माग काढणाऱ्या कर्नल पिकारच्या बाजूने त्याने साक्षही दिली होती. ड्रेफसबद्दल त्याला कळवळा होता असं मात्र यातून काढू नका. मी काढलं होतं, नंतर खोडलं.

जूनच्या अखेरीस हे मंत्रिमंडळ सभागृहात आलं तेव्हा डाव्या बाकांवरून 'खुनी' म्हणून आरडाओरडा झाला. गालिफेने उत्तर दिलं, "हजर." शाळेत हजेरीला देतात तसं. त्याची ही गोष्ट निरनिराळ्या रूपांत सांगतात, पण गाभा हाच. हे एक वाक्य कार्डाच्या मधोमध लिहा आणि इथून मागे चला, कारण तो कशाला हजर म्हणाला ते आता शोधायचं आहे.

मे १८७१. व्हर्सायच्या सरकारी फौजांनी कम्युनचं पॅरिस परत घेतलं. कैद्यांचे तांडे व्हर्सायकडे चालत जात, आणि ला म्युएतपाशी गालिफे रांगेसमोरून फिरून माणसं वेगळी काढत असे. वेगळी काढलेली माणसं गोळ्या घालून मारली जात. पिकल्या केसांच्या कैद्यांना तो म्हणे, तुम्ही १८४८ चा उठावही पाहिलाय, म्हणजे तुम्ही जास्त दोषी. हे वाचताना आकड्यांपासून सावध राहा. त्या आठवड्यातल्या एकूण मृतांचे जुने अंदाज वीस हजारांच्या पुढचे आहेत, अलीकडचे काही अभ्यासक सहा-सात हजारांवर थांबतात. त्यातले गालिफेच्या खात्यावर किती, हे ठासून सांगणारा लेखक भेटला तर तो कुणाच्या बाजूचा आहे ते आधी बघा. मी मृतांच्या रकान्यात आकडा लिहिलाच नाही. कम्युनचा सदस्य राहिलेला एदुआर व्हायाँ १८९९ मध्ये त्याच सभागृहात बसत होता, एवढं मात्र मोठ्या अक्षरात लिहिलं. त्याने आणि त्याच्या साथीदारांनी या मंत्रिमंडळावरून समाजवादी गट सोडला. दुसरा समाजवादी पुढारी जोरेस, त्याने सरकारला साथ दिली. दोघांचीही बाजू मला पटते, आणि याचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

त्याच्या मागची पानं भरभर वाचली तरी चालतील. मेक्सिकोत १८६३ मध्ये प्वेब्लाला त्याच्या पोटात गोळा लागला. जखमेवर चांदीची पट्टी बसवल्याची कथा त्याने आयुष्यभर मिरवली. १ सप्टेंबर १८७० ला सेदाँच्या लढाईत जनरल मार्गरीत पडल्यावर घोडदळाचं नेतृत्व त्याच्याकडे आलं. पुन्हा चढाई कराल का, असं विचारल्यावर त्याचं उत्तर होतं, आमच्यातला एकजण उरेपर्यंत हवी तेवढ्या वेळा. टेकडीवरून बघणारा प्रशियाचा राजादेखील 'काय शूर माणसं' म्हणाला. १८९९ मध्ये सैन्याने त्याचं ऐकलं ते या दिवसाच्या जोरावर. बस्स, याहून जास्त वेळ तिथे घालवू नका; घोडदळाची वर्णनं मोहात पाडतात.

आता परत १८९९ ला या आणि अकरा महिन्यांचा कारभार वाचा. इथे भाषणांपेक्षा बदल्या वाचायच्या. पॅरिसच्या लष्करी राज्यपालपदावरून झुर्लिंडेन गेला. युद्धमंडळातून जनरल नेग्रिये गेला. पेलिये आणि रोजे हे बोलघेवडे जनरल पॅरिसबाहेर पाठवले गेले. बढत्या ठरवणाऱ्या समित्यांचा अधिकार मंत्र्याने स्वतःकडे घेतला. कान टोचणं ते हेच.

आणि रेन्न? तिथे त्याने हात आखडता घेतला. न्यायाधीशांवर दबाव आणला नाही, मेर्सियेला हात लावला नाही. ९ सप्टेंबरला पाच विरुद्ध दोन मतांनी ड्रेफस पुन्हा दोषी ठरला, 'सौम्य परिस्थिती' लक्षात घेऊन दहा वर्षं. देशद्रोहात सौम्य परिस्थिती कसली, हा प्रश्न तेव्हाही लोकांनी विचारला. १९ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली.

दोन दिवसांनी गालिफेने सैन्याला उद्देशून एक आदेश काढला. सगळं सोडून द्यायची वेळ आली तर एवढा एक कागद वाचा, आणि मुद्रितं तपासतात तसा वाचा, पट्टी ठेवून, ओळ न ओळ. पहिलं वाक्य आहे, "हा प्रसंग मिटला आहे." पाच वर्षं देश ज्यावरून फाटला त्याला त्याने शब्द वापरला 'प्रसंग'. मग लष्करी न्यायाधीशांच्या स्वातंत्र्याचा गौरव. मग राष्ट्राध्यक्षांच्या निर्णयापुढे मान तुकवणं, आणि त्या निर्णयामागे न्याय लिहिलेला नाही, करुणा लिहिली आहे. मग सूड नको. मग तो म्हणतो, झालेलं विसरा अशी विनंती करतो, गरज पडली तर तसा हुकूमही देईन. शेवटी सैन्याचा जयजयकार, कुठल्याच पक्षाच्या नसलेल्या आणि केवळ फ्रान्सच्या सैन्याचा. दुसऱ्यांदा पट्टी फिरवा आणि काय गाळलंय ते शोधा. 'निर्दोष' हा शब्द शोधा. ड्रेफसचं नाव शोधा. मी जन्मभर गाळलेली अक्षरं शोधली, इतकी सफाईची गाळणी फार कमी पाहिली.

विसरण्याचा हुकूम देणारा हा माणूस स्वतः त्यानंतर आठ महिने टिकला. मे १९०० मध्ये त्याच्याच मंत्रालयातल्या कॅप्टन फ्रिचने कागद बाहेर फोडले. वाल्देक-रूसो सभागृहात त्याला विश्वासघात म्हणाले. आपल्या अधिकाऱ्याला असा शब्द वापरलेला ऐकून गालिफे उठला, बाहेर गेला आणि प्रकृतीचं कारण देऊन राजीनामा पाठवला. फ्रिचला शिक्षा झाली त्याला त्याची हरकत नव्हती. शब्द सैन्याबाहेरच्याने वापरला ही हरकत होती, असं माझं वाचन आहे.

शेवटचं काम, त्याच्या शेजारी दोन कार्डं ठेवा. डावीकडे मेर्सिये, ज्याने गुप्त फाईल दिली आणि जो पुढे सिनेटमध्ये निवडून जाऊन वीस वर्षं बसला. उजवीकडे पिकार, ज्याने खऱ्या गुन्हेगाराचा, एस्टरहाझीचा, माग काढला आणि त्यापायी तुरुंग भोगला. जुलै १९०६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ड्रेफसला निर्दोष ठरवलं, पिकार ब्रिगेडियर जनरल झाला आणि ऑक्टोबरात क्लेमाँसोच्या मंत्रिमंडळात युद्धमंत्री. ड्रेफसची तुरुंगातली वर्षं सेवाज्येष्ठतेत धरायचा प्रश्न त्याच्याच टेबलावर आला. त्याने ती धरली नाहीत. ड्रेफस १९०७ मध्ये निवृत्त झाला.

मास्तरांनी त्या दिवशी दोन कार्डं टाचणीने एकत्र जोडून दिली. ती मी तशीच ठेवली आहेत, 'कसाई' वर, 'मंत्री' खाली. परवा मागच्या बाजूला मृत्यूची तारीख पुन्हा तपासत होते, ८ जुलै १९०९, आणि सवयीने भिंतीवरच्या कागदाला पुढे जोडलेली नावं पाहिली, तेव्हा खुर्चीवर कोण होतं म्हणून. पिकार होता. त्याचे आणखी दोन-अडीच आठवडे उरले होते.