‘बाई, डोकं दुखतंय’ म्हटलं की काय करायचं

लालबागच्या एका शाळेत सकाळच्या अधिवेशनाला मी 19 वर्षं शिकवतेय. ‘बाई, डोकं दुखतंय’ हे रोज कानावर पडतं. कितीतरी वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं: पाणी पी आणि बस. मग एका दुपारी माझीच मुलगी शाळेतून आली, दप्तर दारात टाकलं आणि मोरीत उलटी करायला बसली. दिवा नको, कुकरची शिट्टी नको म्हणत गोधडी डोक्यावरून ओढून झोपली. तीन तासांनी उठली ती टवटवीत. ‘भूक लागलीये’ म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, पित्त आहे. वर्षभर कोकम सरबत, आवळा, मोरावळा झाला, चष्म्याचा नंबर काढून झाला. ते मायग्रेन होतं.

असं तीन तासांत टवटवीत झालेलं पाहूनच सगळे फसतात. आत्ता तर रडत होती, आता हसतेय, म्हणजे नाटकच! पण या वयात ते असंच असतं. मुलांमध्ये दुखणं कधी दोन तासांत आटोपतं, कधी तीन दिवस चालतं. पुष्कळदा उलटी झाली किंवा झोप लागली की उतरतं. मायग्रेनला आपण अर्धशिशी म्हणतो, त्या शब्दानेही घोळ होतो. मोठ्यांचं बऱ्याचदा एकाच बाजूचं दुखतं, मुलांचं मात्र कपाळ किंवा दोन्ही कानशिलं ठणकतात. म्हणून ‘कुठे दुखतंय’ एवढ्यावर थांबू नका. मळमळतंय का, उजेड-आवाज नकोसा होतो का, जिना चढलं की वाढतं का, हेही विचारा. काहींना आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेघा दिसतात. घरात आई, मावशी, आजोबा कोणी असंच डोकं बांधून झोपणारं असेल, तर शंका जास्त धरा. डोळे तपासून घ्याच, पण चष्म्याने मायग्रेन जात नाही.

आता एक वही करा. तारीख, किती वाजता सुरू झालं, कधी थांबलं, आदल्या रात्री किती वाजता झोपली, सकाळी काय खाल्लं, काय औषध घेतलं, मुलीची पाळी कधी आली. मुलाने स्वतः लिहावं. ‘आज दुखतंय का?’ असं रोज विचारू नका, त्याचा ताण वेगळाच होतो.

आमच्या वहीत दीड महिन्यात सोमवार दिसायला लागले. रविवारी अकरापर्यंत झोप, रात्री उशिरा मोबाईल, आणि सोमवारी सातच्या शाळेला नुसता चहा घेऊन पळायचं. तेरा ते अठरा वयाला 8 ते 10 तास झोप लागते. संध्याकाळचा क्लास आठला सुटतो तिथे हे अवघड आहे, मला माहीत आहे. तरी उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीही तासाभरापेक्षा जास्त पुढे जाऊ देऊ नका. सकाळी तूप-गूळ-चपातीची गुंडाळी, केळं, राजगिऱ्याचा लाडू, काहीही चालेल, पण रिकाम्या पोटी पाठवू नका.

पाण्याचं दुखणं वेगळं आहे. वर्गातल्या मुलींच्या बाटल्या घरी जाताना भरलेल्याच असतात. विचारलं तर खाली बघतात. शाळेचं शौचालय घाण असतं म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि ऑक्टोबरच्या उन्हात साडेबाराला घरी चालत जातात. पालकसभेत शौचालयाचा विषय काढा. डोकेदुखीवरचा हा खरा उपाय आहे.

दुखायला लागलं की पहिला अर्धा तास महत्त्वाचा. ‘बघू, थांबेल’ म्हणत बसलं की गोळी लागू पडत नाही. कोणती गोळी, वजनाप्रमाणे किती, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. ॲस्पिरिन मुलांना परस्पर देऊ नका. पावसाळ्यात ताप असेल तर आयबुप्रोफेनही नको, डेंग्यू असला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. मग अंधार, शांतता, झोप. माझ्या वर्गातली एक मुलगी स्टीलच्या कंपासपेटीचं गार झाकण कपाळाला दाबून बसायची. आता तिला मी सरळ शिक्षकखोलीत, पंख्यापासून दूर, ओला रुमाल देऊन झोपवते. उग्र वासाचा बाम सगळ्यांना मानवतो असं नाही, विचारून लावा.

गोळ्या मोजा. साधी वेदनाशामक गोळीही महिन्यातून 15 किंवा जास्त दिवस, महिनोन्महिने घेतली, तर त्या गोळीनेच डोकं दुखायला लागतं. आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त लागत असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. केईएम, नायर, सायन या महापालिकेच्या रुग्णालयांत मेंदूविकाराची ओपीडी आहे.

काही वेळा मात्र वही बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठायचा. अचानक, आयुष्यात कधी नव्हतं असं दुखलं, तापाबरोबर मान आखडली, डोक्याला मार लागल्यावर दुखायला लागलं, एकाची दोन दिसू लागली, हातपाय लुळे पडले, फिट आली, तर क्षणभर थांबू नका. झोपेतून जाग येईल इतकं दुखत असेल, रोज पहाटे उलटी होत असेल, किंवा आठवड्यागणिक वाढत चाललं असेल, तर त्याच दिवशी दाखवा.

शाळेला डॉक्टरांची चिठ्ठी द्या. गोळी कोणाकडे ठेवायची, मूल कुठे झोपणार, घरी कोणाला फोन करायचा, हे तीन ओळींत लिहून वर्गशिक्षकांच्या हातात द्या. दुसऱ्या दिवशी मूल शाळेत आलं तरी डोकं जड आणि अंग गळालेलं असतं. शिक्षकांनो, त्या दिवशी चाचणी घेऊ नका, शेजारच्या मुलीची वही तिला घरी न्यायला द्या.