मागचा पत्रा बदलताना आधी स्क्रू, मग वेल्डिंग

जुन्या गाडीचा मागचा पत्रा घरी बदलला की हमखास येणारी अडचण म्हणजे वेल्डिंग झाल्यावर डिकी नीट बसत नाही. तेव्हा पुन्हा कापाकापी करावी लागते. ती टाळता येते.

१. जुना पत्रा कापण्याआधी डिकीच्या तोंडाची मापं घ्या: दोन्ही कर्ण, वरची रुंदी, खालची रुंदी. कागदावर नको, मास्किंग टेपवर लिहून गाडीलाच चिकटवा.

२. जुने स्पॉट वेल्ड, म्हणजे दोन पत्रे जोडणारे वेल्डिंगचे गोल ठिपके, ड्रिलने काढा. फक्त वरचा पत्रा भेदायचा, आतली पट्टी शाबूत राहिली पाहिजे.

३. नवा पत्रा सेल्फ टॅपिंग स्क्रूंनी (पत्र्यात स्वतःच आटे पाडत जाणारे स्क्रू) बसवा. आता घाई नको. डिकीचं झाकण रबरासकट लावा, मागचे दिवे आणि बंपरही लावून बघा. रबर नसताना झाकण छान बसतं आणि रबर लावल्यावर वर उचललेलं राहतं, म्हणून रबर हवंच. दोन्ही बाजूंची फट सारखी येईपर्यंत स्क्रू सैल करून पत्रा सरकवत राहा. सगळ्या कामात खरा वेळ इथेच द्यावा.

४. मग दिवे, रबर काढा आणि लांब लांब अंतरावर वेल्डिंगचे छोटे टाके मारा, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. सलग वेल्डिंग केलं तर पत्रा तापून वाकतो. स्क्रूची भोकं शेवटी भरा.

सावधान: बऱ्याच जुन्या गाड्यांत पेट्रोलची टाकी मागेच असते. ड्रिल हातात घेण्याआधी ती काढून कामाच्या जागेपासून दूर ठेवा. रिकाम्या टाकीतली वाफही पेट घेते. बॅटरीच्या वायरी सोडवायलाही विसरू नका.