जुन्या लक्झरी कूपेची खरी किंमत कशी काढावी? ठाणे–नवी मुंबईतल्या खरेदीदारासाठी मार्गदर्शक

कूपे म्हणजे दोन दारांची, खेळकर बांधणीची गाडी. बारा-चौदा वर्षं जुनी मर्सिडीज ई-क्लास कूपे किंवा ऑडी टीटी आज साधारण एका नव्या मध्यम एसयूव्हीच्या पैशांत मिळू शकते. जाहिरात बघितली की हात शिवशिवतात, आणि नेमकं तिथेच थांबायला हवं. गाडीची किंमत उतरलेली असते, तिच्या पार्ट्सची नाही. हेडलाइट, शॉक अब्सॉर्बर, गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट हे सगळं आजही महागड्या गाडीच्याच भावाने मिळतं. म्हणून विकणारा जो आकडा सांगतो, तो तुम्ही मोजणार असलेल्या पैशांचा फक्त पहिला हप्ता असतो. उरलेले पैसे किती, हे टोकन देण्याआधी कसं काढायचं ते पुढे सांगतो.

आधी भाव का पडतो ते समजून घ्या

अशा कूपे बहुतेक परदेशातून पूर्ण तयार होऊन आलेल्या. चाळीस हजार डॉलरच्या वरच्या आयात गाड्यांवरची कस्टम ड्युटी २०१३ च्या अर्थसंकल्पात ७५ वरून १०० टक्क्यांवर गेली. त्यावर इतर कर आणि रोड टॅक्स. पहिल्या मालकाने मोजलेल्या रकमेचा मोठा हिस्सा सरकारी तिजोरीत गेला आणि तो पुनर्विक्रीत परत येत नाही. ‘नवी ७० लाखांची होती’ या वाक्याला म्हणूनच भाव ठरवताना शून्य किंमत द्या.

दुसरं कारण घरातलं. दोन दारांची गाडी आपल्याकडे घरातली दुसरी, नाहीतर तिसरी गाडी असते. आईवडिलांना मागे बसवायचं तर पुढची सीट दुमडून, कंबर वाकवून आत घालावं लागतं. गिऱ्हाईक मुळातच थोडं, त्यात दहा वर्षांपुढच्या गाडीला बँका सहसा कर्ज देत नाहीत. म्हणजे उरला तो पूर्ण पैसे स्वतःचे घालणारा खरेदीदार. घासाघीस करताना हीच तुमची ताकद असते, आणि उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा हीच अडचण होते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर सेस धरून ४५ ते ५० टक्के असलेला जीएसटी ४० टक्के झाला. नव्या गाड्या स्वस्त झाल्या की जुन्यांचा भावही खाली ओढला जातो. त्याआधीचे सौदे कुणी दाखले म्हणून सांगितले, तर ते जुने झाले असं स्पष्ट म्हणा.

पायरी १: गाडीची नेमकी ओळख लिहून काढा

मॉडेलच्या नावावर थांबू नका. पिढी, इंजिन, गिअरबॉक्स, बनवल्याचा महिना, पासिंगचा महिना, कितवा मालक, कोणतं पासिंग, हे सगळं एका कागदावर घ्या. आरसीवर उत्पादनाचा महिना-वर्ष असतो. पासिंग २०१२ चं आणि गाडी २०११ ची, असं बऱ्याचदा निघतं. भाव २०११ चाच धरायचा.

याच पायरीवर सगळ्यात मोठा प्रश्न विचारा: हिचे पार्ट्स आणखी कोणत्या गाडीला लागतात? २००९ ते २०१७ मधली ई-क्लास कूपे नावाने ई-क्लास, पण आतून बरीचशी त्या काळच्या सी-क्लासवर बांधलेली आहे. सी-क्लास आपल्या चाकणला जोडली जात होती, रस्त्यावर भरपूर आहे, आणि तिचं काम येणारे मेकॅनिकही भरपूर. दुसऱ्या पिढीची ऑडी टीटी स्कोडा लॉरा ज्या प्लॅटफॉर्मवर होती, त्याच प्लॅटफॉर्मवरची. म्हणजे सस्पेन्शन आणि इंजिनच्या बऱ्याच कामांसाठी लॉराचा अनुभवी हात चालतो. याउलट जग्वार एक्सकेची बॉडी अॅल्युमिनियमची. बंपरच्या वर धक्का बसला तर कोपऱ्यावरचा डेंटर ती ठोकू शकत नाही. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्यांदाच कूपे घेणाऱ्याने पहिल्या गटातलीच घ्यावी, मग दुसऱ्या गटातली कितीही देखणी दिसो.

प्रत्येक मॉडेलचं एक ठरलेलं दुखणं असतं, तेही याच कागदावर लिहा. २००५ ते २००८ मधल्या पोर्शे केमनमध्ये इंजिनातल्या आयएमएस बेअरिंगची (आतल्या मधल्या शाफ्टला आधार देणाऱ्या बेअरिंगची) भीती असते, २००९ पासूनच्या इंजिनात ते बेअरिंगच नाही. सुरुवातीच्या मर्सिडीज सीएलएस ३५० मध्ये बॅलन्स शाफ्टची (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या शाफ्टची) गिअर झिजते आणि ती बदलायला इंजिन खाली उतरवावं लागतं. ही चार दारांची असली तरी बाजारात कूपे म्हणूनच विकली जाते. टीटीच्या सहा गिअरच्या डीएसजीचं (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) ऑइल दर ६० हजार किलोमीटरला बदललेलं असायला हवं. बिल नसेल तर बदललेलं नाही असंच धरा.

पायरी २: बाजारभाव शोधा

त्याच पिढीच्या, त्याच इंजिनाच्या, महाराष्ट्र पासिंगच्या जाहिराती जमवा. एकदम वरची आणि एकदम खालची सोडून द्या. मग महिनाभर त्यांच्यावर लक्ष ठेवा. ज्या पटकन उतरतात त्यांचा आकडा बाजाराच्या जवळचा. जी तीन महिने तिथेच आहे, तिचा मालक स्वप्नात आहे. या प्रकारच्या गाड्या इतक्या कमी असतात की फक्त ठाणे-नवी मुंबईत बघून भागत नाही; मुंबई आणि पुणेही धरा.

विम्याच्या आयडीव्हीवर (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीवर) विसंबू नका. पाच वर्षांपर्यंत घसारा ठरलेल्या टक्क्यांनी कापतात. पुढे तो आकडा कंपनी आणि मालक आपसांत ठरवतात. विकणारा वर्षभर आधीच तो फुगवून घेऊ शकतो.

दिल्ली पासिंगची तीच गाडी दोन-तीन लाखांनी स्वस्त दिसेल. तिथे १० वर्षांपुढची डिझेल आणि १५ वर्षांपुढची पेट्रोल गाडी चालवण्याबद्दलचा वाद बरीच वर्षं चालू आहे, म्हणून लोक बाहेर विकतात. इथे आणल्यावर एनओसी, महाराष्ट्राचा कर, नवा नंबर, आणि ते होईपर्यंतच्या फेऱ्या. शिवाय पुढचा खरेदीदार तुम्हालाही तेच दोन-तीन लाख कमी देणार. मी ती घेणार नाही.

पायरी ३: कागद

परिवाहनच्या साइटवर किंवा एमपरिवाहनवर नंबर टाकून नोंदणीची मुदत, बँकेचा बोजा, विमा, पीयूसी बघा. बोजा दिसत असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकन नाही. ई-चलनं स्वतंत्र तपासा. २०१९ च्या एप्रिलआधीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर पाटी बसली आहे का तेही बघा.

गाडी कंपनीच्या नावावर असेल, आणि या वर्गात ती बरेचदा असते, तर विक्रीचा अधिकार कुणाला दिलाय त्याचा ठराव मागा.

पंधरा वर्षांच्या जवळ आलेल्या गाडीत एक खर्च हमखास विसरला जातो. एप्रिल २०२२ पासून साध्या गाडीचं नोंदणी नूतनीकरण ५ हजार रुपये आहे, आयात गाडीचं ४० हजार. वीस वर्षांपुढे आयात गाडीला २०२५ पासून ८० हजार. त्यावर पर्यावरण कर वेगळा.

पायरी ४: गाडी बघा, आणि पावसाच्या नजरेने बघा

सकाळी, इंजिन थंड असताना जा. आधीच सुरू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या.

ई-क्लास कूपेच्या दाराला काचेभोवती चौकट नसते. दार उघडताना काच बोटभर खाली सरकते आणि लावल्यावर वर जाऊन रबरात बसते. दोन्ही बाजूंनी पाच-सहा वेळा उघड-बंद करा. काच अडखळत असेल किंवा रबर कडक होऊन चिरलं असेल, तर जुलैत पाणी आत येणार. मग पायाखालची मॅट काढून कार्पेटच्या खाली हात घाला. ओलसर, दमट वास आला तर पुढचं बघण्याची गरज नाही. त्या कार्पेटखाली वायरिंग आहे.

पुरात सापडलेली गाडी धुऊन चकाचक करता येते, पण सीटबेल्ट शेवटपर्यंत कुणी धूत नाही. तो पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ दिसली तर गाडी पाण्यात होती. डिकीतलं स्टेपनीचं खोलगट भांडं आणि तिथले बोल्टही बघा. नवी मुंबईच्या खाडीकडच्या सोसायट्यांत उघड्यावर उभी राहिलेली गाडी लिफ्टवर घेऊन खालचा गंज बघणं तर अनिवार्यच.

काचांवर बनवल्याच्या वर्षाचा छोटा कोड असतो. सगळ्या काचा एका काळातल्या आणि एकच वेगळी, तर का बदलली ते विचारा. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी खोल असली तरी सहा वर्षांचा टायर बदलायचाच.

टेस्ट ड्राइव्हला विकणारा पाम बीच रोडवर नेतो. तिथे कुठलीही गाडी सुंदर चालते. तुम्ही घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर न्या, सोसायटीच्या स्पीडब्रेकरवरून तिरकी काढा, काचा वर आणि म्युझिक बंद ठेवून. लोअर आर्मचे बुश (सस्पेन्शनमधली रबरं) गेले असतील तर तिथेच कटकट ऐकू येईल. आणि तुमच्या पोडियम पार्किंगच्या उतारावर नाक घासतं का, हेही सौद्याआधीच बघून घ्या.

कमी किलोमीटरला भुलू नका. बारा वर्षांत २० हजार चाललेली, बेसमेंटमध्ये उभी राहिलेली गाडी मला ७० हजार चाललेल्या आणि दरवर्षी सर्व्हिसची बिलं असलेल्या गाडीपेक्षा जास्त संशयास्पद वाटते. रबरं, होज, टायर, बॅटरी हे सगळं उभ्या उभ्या मरतं.

पायरी ५: स्कॅन आणि कोटेशन

तुमच्या ओळखीच्या, त्या ब्रँडचं काम करणाऱ्या गॅरेजमध्ये न्या. वागळे इस्टेटमध्ये किंवा तुर्भे एमआयडीसीच्या पट्ट्यात शोधा. स्कॅनर लावताना फक्त इंजिन नको, गिअरबॉक्स, एअरबॅग, एबीएस सगळी मॉड्यूल वाचायला सांगा. बिघाडाचे कोड नुकतेच पुसले असतील तर पंधरा-वीस किलोमीटर चालवून परत स्कॅन करा. शेवटी प्रत्येक कामाचा लेखी अंदाज घ्या. मालक गाडी गॅरेजला न्यायला नाही म्हणाला, तर चर्चा तिथेच संपली. दुसरी किल्ली आहे का, तेही आत्ताच विचारा. नसेल तर तिचाही भाव यादीत घाला.

पायरी ६: गणित

आकडे फक्त पद्धत समजण्यासाठी धरतो. चांगल्या स्थितीतल्या अशा गाडीचा बाजारभाव १५ लाख आहे असं समजा. समोरच्या गाडीला टायर ९० हजार, पुढचं सस्पेन्शन दीड लाख, गिअरबॉक्स ऑइलसह मोठी सर्व्हिस ६५ हजार, बॅटरी २५ हजार. एकूण ३ लाख ३० हजार. नूतनीकरण वर्षभरावर आलं असेल तर त्याचे कर धरून ५० हजार. १५ मधून हे ३ लाख ८० हजार वजा केले की ११ लाख २० हजार. तुमची बोली याच्या आसपास असली पाहिजे, आणि कोटेशनचा कागद समोर ठेवूनच बोला.

अचानक निघणाऱ्या कामासाठी आणखी लाख-सव्वा लाख बाजूला ठेवा. हे पैसे विकणाऱ्याकडून मागता येत नाहीत, कारण चांगल्यात चांगल्या गाडीलाही ते लागतात. म्हणजे खिशात एकूण १५ लाखच असतील, तर १५ लाखांची गाडी बघायलाच जाऊ नका. पावणेचौदापर्यंतच्या, बिलं नीट ठेवलेल्या गाडीपासून सुरुवात करा.

विकणारे तुम्ही असाल तर हेच उलटं चालवा. टायर आणि बॅटरी बदलून, गिअरबॉक्स ऑइलचं बिल फाइलला लावून गाडी दाखवा. ही छोटी कामं खरेदीदाराच्या मनात दुप्पट खर्चाची वाटतात. रंग मात्र नव्याने मारू नका; ताजा रंग बघितला की लोक अपघात शोधायला लागतात.

पायरी ७: व्यवहार

दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे. पैसे बँकेतूनच द्या. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख-वेळ लिहिलेली पावती त्याच दिवशी घ्या. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एमएच ०४ ची गाडी वाशीला गेली तरी नंबर तोच राहतो. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव चढवायचा अर्ज करायचा असतो. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, त्यामुळे फरकाची रक्कम तुम्हाला भरावी लागेल; तीही गणितात आधीच धरून ठेवा.