पेन्शनच्या प्रस्तावाची टिपणी: आकडे कुठे फसतात, शब्द कुठे नडतात

राज्य सरकारी पेन्शनमधल्या बदलाचा प्रस्ताव टेबलावर आला की लगेच एक्सेल उघडू नका. आधी एकच वाक्य लिहा: लाभ नेमका कोणाला? पुढचे निम्मे कोर्टकज्जे याच वाक्यातून निघतात.

महाराष्ट्रात सगळं 1 नोव्हेंबर 2005 या तारखेभोवती फिरतं. त्या दिवशी किंवा नंतर नियुक्त झालेल्यांना 1982 चे निवृत्तिवेतन नियम, म्हणजेच जुनी पेन्शन, नाही. त्यांच्यासाठी आधी डीसीपीएस (राज्याची परिभाषित अंशदान योजना), मग एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना); दोन्हींत कर्मचारी आणि शासन दरमहा वाटा भरतात. पण ‘नियुक्ती’ म्हणजे काय? जाहिरात, निवड यादी, आदेश की रुजू होण्याचा दिवस? जाहिरात आधीची आणि रुजू नंतर, अशांना 2 फेब्रुवारी 2024 च्या शासन निर्णयाने जुन्या पेन्शनचा विकल्प दिला. अंशतः अनुदानित शाळेत आधी लागलेले, पण शाळा 100 टक्के अनुदानावर नंतर आलेली, असे शिक्षक हा आणखी वेगळा वाद. म्हणून पात्रता ठरवणाऱ्या कागदाचं नाव आणि त्यावरची कोणती तारीख धरायची, हे दोन्ही मसुद्यात लिहा. ‘80 वर्षे पूर्ण’ की ‘80 वे वर्ष सुरू’ एवढ्या फरकावरही वाढीव पेन्शनची प्रकरणं उच्च न्यायालयात गेली आहेत.

मग डोकी मोजा. त्यासाठी राज्याच्या संगणक प्रणाली आहेत: वेतनावरच्यांसाठी सेवार्थ, पेन्शनरांसाठी निवृत्तिवेतनवाहिनी. शाळांचे कर्मचारी शालार्थमध्ये असतात. ती यादी विसरली तर आकडा थोडाथोडका नाही, चांगलाच कमी येतो. वयोगट, मूळ वेतन आणि निवृत्तीचं वर्ष यांनुसार गठ्ठे पाडा. निवृत्तीचं वय सगळ्यांना 58 धरू नका, गट ‘ड’चं 60 आहे. केंद्राचा तक्ता जसाच्या तसा उचलला तर उलटी चूक होते, कारण तिथे सर्वसाधारण वय 60.

आता खरी मेख. समजा मूळ वेतन 60,000 आणि सोयीसाठी महागाई भत्ता 50 टक्के, म्हणजे 90,000. एनपीएसमध्ये कर्मचाऱ्याचे 10 टक्के, 9,000, आणि शासनाचे 14 टक्के, 12,600. हाच माणूस जुन्या पेन्शनमध्ये आणला की शासनाचे दरमहा 12,600 वाचतात आणि त्याची वर्गणी भविष्य निर्वाह निधीत म्हणजे शासनाकडेच जमा होऊ लागते. पहिल्या वर्षी प्रस्ताव चक्क फायद्याचा दिसतो! 2005 च्या अखेरीस 25 व्या वर्षी लागलेला माणूस 2038 च्या सुमारास निवृत्त होणार; तोवर बिल येतच नाही. आल्यावर मात्र शेवटच्या मूळ वेतनाच्या 50 टक्के पेन्शन, वर महागाई वाढ, आणि त्याच्या पश्चात 30 टक्के कुटुंब निवृत्तिवेतन. भरतीपासून शेवटच्या हप्त्यापर्यंत 60 वर्षं सहज होतात. तीन-पाच वर्षांचा तक्ता जोडलेली टिपणी म्हणूनच परत पाठवावी. निदान 40 वर्षांची रोकड वर्षवार मांडा, आणि व्याजदर वर-खाली करून तीन वेळा.

वेतन आयोगही धरावाच लागतो. सातव्या आयोगाचा गुणक (जुन्या मूळ वेतनाला ज्याने गुणायचं तो आकडा) 2.57 होता, त्यातला 2.25 म्हणजे नुसता 125 टक्के महागाई भत्ता मिसळलेला, खरी वाढ सुमारे 14 टक्के. गुणक अख्खा लावला तर भत्ता दुबार मोजला जातो, सोडून दिला तर दहा वर्षांनी आकडा कोसळतो.

एनपीएसमध्ये साठलेल्या रकमेचं काय, हा परिच्छेद बहुतेक मसुद्यांत नसतोच. जुन्या पेन्शनकडे परतलेल्या राज्यांना ती रक्कम परत देण्याची तरतूद कायद्यात नाही, असं केंद्राने संसदेत सांगितलं आहे. एकगठ्ठा पैसे मिळतील असं धरून तूट झाकू नका.

केंद्राच्या यूपीएसशी (एकीकृत पेन्शन योजनेशी) तुलना मागितली जाणारच. तिथे 25 वर्षं सेवेला शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या 50 टक्के, 10 वर्षं सेवेला किमान 10,000, आणि शासनाचा वाटा 18.5 टक्के. ‘सरासरी’ हा शब्द वगळून तुलना केली की अखेरच्या वर्षात पदोन्नती मिळालेल्यांचा हिशेब चुकतो.

तारीख ठरवताना डी. एस. नाकारा यांच्या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा 1982 चा निकाल समोर ठेवा. निव्वळ निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांचे दोन वर्ग पाडायचे तर कारण टिपणीतच हवं. ते नंतर प्रतिज्ञापत्रात सुचून भागत नाही. आर्थिक भार हे कारण असेल तर आकड्यानिशी लिहा.

विधि व न्याय विभागाचं मत घ्या, वित्त विभागाची सहमती घ्या, मग मंत्रिमंडळ. नियम राज्यघटनेच्या अनुच्छेद 309 खालचे (सरकारी सेवेच्या अटींचे) असतील तर नुसता शासन निर्णय काढून थांबू नका, अधिसूचनेने नियमातच दुरुस्ती करा. आणि निर्णयासोबत विकल्पाचा नमुना, शेवटची तारीख, विकल्प न दिल्यास काय धरायचं, आणि सेवापुस्तकात नोंद कोणी घ्यायची हे जोडा. यातलं एक जरी राहिलं तरी महालेखापाल कार्यालयातून प्रकरण आक्षेपासह परत येतं, आणि निवृत्त झालेला माणूस तात्पुरत्या पेन्शनवर बसून राहतो.